खुणेवाचून

डाव्या तळहातावर आंबेहळदीचा लेप थापून मी हे लिहायला बसलो आहे. उजवा हात शाबूत राहिला म्हणून संपादकांना दिलेला शब्द पाळता येतो आहे, एवढेच.

झाले ते असे. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यात असतो. पुष्कळ वर्षांनी या दिवाळीला तो घरी आला. येताना त्याने मुलांसाठी चॉकलेटे आणली, आपल्या मामीसाठी एक शाल आणली आणि कोणासाठी ते न सांगता बेसबॉलचा एक चेंडू आणला. पांढऱ्या कातड्याचा, त्यावर तांबड्या दोऱ्याची टाक्यांची नागमोडी ओळ, आणि वजनाला आपल्या क्रिकेटच्या चेंडूच्या जवळपास. वसुबारसेच्या दिवशी सकाळी अंगणात मुलांचा गलका चालला होता. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही नुसते पुस्तकं वाचता. या, जरा बसा इथं उकिडवे. तुम्ही कॅचर, मी पिचर."

मला या खेळाची ओळख म्हणाल तर शून्य. विटीदांडूचा हा कोणी दूरचा श्रीमंत चुलता असावा एवढीच माझी समजूत. भाच्याने थोडक्यात समजावून दिले. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि यष्टिरक्षक, तसे इथे पिचर आणि कॅचर. पण इथला चेंडू टप्पा घेत नाही. फेकणाऱ्याच्या हातातून सुटतो तो थेट झेलणाऱ्याच्या हातात येतो. आणि गंमत अशी, की कोणता चेंडू टाकायचा हे पुष्कळ वेळा फेकणारा ठरवीत नाही, झेलणारा ठरवतो. फलंदाजाच्या मागे बसल्या बसल्या तो मांड्यांच्या आड बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. फेकणाऱ्याने खूण पाहायची आणि तसा चेंडू टाकायचा. तो कुठे येणार हे ठाऊक असते म्हणूनच कॅचर तो झेलू शकतो.

मी मोठ्या ऐटीत एक बोट दाखवले. भाचा तुळशीवृंदावनापाशी उभा होता. त्याच्यातला लहानपणचा खोडकरपणा अमेरिकेत जाऊनही गेलेला नाही. त्याने मान डोलावली आणि टाकला तो वळणारा. चेंडू माझ्या अंगठ्याच्या मुळाशी असा काही बसला, की डोळ्यांपुढे दिवाळीच्या आधीच भुईनळे उडाले. स्वयंपाकघरात चकल्या तळत असलेली सौ. झारा हातात घेऊनच धावत बाहेर आली आणि आम्हां दोघांचाही तिने यथास्थित समाचार घेतला.

संध्याकाळी भाचा ओशाळून माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मामा, चुकलंच माझं. पण तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे टोलेडो म्हणून गाव आहे. तिथं एका माणसाच्या बाबतीत हे कोणी थट्टेनं केलं नव्हतं, जाणूनबुजून केलं होतं. आणि एकदा नव्हे, जवळजवळ वर्षभर."

ती गोष्ट मी त्याच्याकडून ऐकली आणि मग मिळेल ते वाचून काढले. त्या दिवसापासून हाताचा ठणका कमी झाला आहे. दुसरा सुरू झाला आहे.

त्या माणसाचे नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. जन्म ७ ऑक्टोबर १८५६ चा, ओहायोतल्या माउंट प्लेझंट या गावचा. कृष्णवर्णी. त्याच्या जन्माच्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडे गुलामांचे बाजार भरत होते. ओहायो मात्र स्वतंत्र राज्य होते. वडील डॉक्टर आणि पुढे धर्मोपदेशक. मुलाला त्यांनी ओबर्लिन कॉलेजात घातले. गोऱ्यांबरोबर काळ्यांना आणि पुरुषांबरोबर स्त्रियांना शिकू देणारे ते कॉलेज. त्या काळी अशी स्थळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे १८८१ साली कॉलेजच्या संघात हा फलंदाजाच्या मागे उभा राहू लागला. पुढे मिशिगन विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करायला गेला, तिथेही अभ्यासापेक्षा खेळातच जास्त नाव झाले.

आता कॅचरचे काम त्या काळी काय होते ते माझ्या सुजलेल्या पंजाला विचारा! आज कॅचरच्या हातात गादीसारखा जाड मोजा असतो. वॉकरच्या वेळी तसा मोजा निघालाच नव्हता. कधी साधे कोकराच्या कातड्याचे हातमोजे घालायचे, पुष्कळदा तर उघड्या हातांनीच झेलायचे. आणि चेंडू यायचा पन्नास फुटांवरून. क्रिकेटची खेळपट्टी सहासष्ट फुटांची असते हे लक्षात घेतले म्हणजे या पन्नास फुटांचा अर्थ कळतो. बोटे मोडणे, नखे उपटणे, तळहात फाटणे हा त्या धंद्याचा रोजचा खर्च होता.

१८८१ च्या उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या एका संघाबरोबर वॉकर लुइव्हिल या दक्षिणेकडच्या शहरी खेळायला गेला. यजमान संघाने हट्ट धरला, की हा काळा माणूस मैदानात नको. वॉकर बाजूला बसला. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. एका डावातच त्याच्या हातांची अशी गत झाली, की त्याने पुढे झेलायला साफ नकार दिला. प्रेक्षकांतूनच मग वॉकरच्या नावाचा पुकारा झाला. तो उठून मैदानात आला, दोनचार चेंडू झेलून दाखवले. तोच यजमान संघातले दोघे रागारागाने मैदान सोडून चालते झाले. वॉकर पुन्हा जाऊन बसला. लोकांना याचा रंग सोसत नव्हता, आणि याचे काम दुसऱ्या कोणाच्या हातांना सोसत नव्हते!

१८८३ मध्ये टोलेडोच्या संघाने त्याला पगारावर घेतले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोचा बलाढ्य संघ टोलेडोला एक सामना खेळायला आला. त्या संघाचा कप्तान कॅप ॲन्सन, देशभर गाजलेला. त्याने सांगितले, हा मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. गमतीचा भाग असा, की त्या दिवशी वॉकर खेळणारच नव्हता. त्याचे हात सुजले होते आणि चार्ली मॉर्टन या टोलेडोच्या व्यवस्थापकाने त्याला विश्रांती दिली होती. पण ॲन्सनची भाषा ऐकून मॉर्टनचे डोके फिरले. त्याने वॉकरला मुद्दाम खेळवले, कॅचर म्हणून नव्हे, मैदानात उजवीकडे उभे केले, आणि ॲन्सनला बजावले, खेळायचे नसेल तर तिकिटांच्या पैशातला तुमचा वाटा विसरा. ॲन्सन खेळला.

हा प्रसंग वाचून मी प्रथम टाळी वाजवली. (म्हणजे मांडीवर एक हात आपटला, दुसरा लेपात होता.) नंतर मात्र विचारात पडलो. ॲन्सन नमला तो कशापुढे? न्यायापुढे नव्हे, गल्ल्यापुढे. चार वर्षांनी, १८८७ च्या जुलैत, त्याच ॲन्सनचा संघ न्यूआर्कला गेला. तेव्हा वॉकर तिथे होता आणि जॉर्ज स्टोव्ही नावाचा कृष्णवर्णी पिचरही होता. या वेळी आडवे जाणारे कोणी निघाले नाही. स्टोव्ही खेळला नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी त्या लीगच्या चालकांनी बैठकीत ठराव करून टाकला, की यापुढे कृष्णवर्णी खेळाडूंचे नवे करार मंजूर करायचे नाहीत. ज्या दरवाज्याची कडी पैशाने निघते, ती पैशानेच पुन्हा घालता येते. तरी मॉर्टनच्या संतापाला मी कमी लेखत नाही. कोणाचे डोके कोणत्या गोष्टीने फिरते यावरून माणूस ओळखावा. माझे डोके कशाने फिरते? वर्गात खडू संपला की.

१८८४ साली टोलेडोचा संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये आला, आणि वॉकर आपोआप वरच्या दर्जाचा खेळाडू झाला. १ मे १८८४ रोजी त्याचा पहिला सामना झाला. कुठे? त्याच लुइव्हिलला. त्या दिवशी त्याच्या हातून चार चुका झाल्या आणि बॅटने एकही फटका साधला नाही. त्याचे मन त्या दिवशी ठिकाणावर नव्हते असे समजायला मी मोकळा आहे. कदाचित चेंडूच वाईट आले असतील.

त्या मोसमात तो बेचाळीस सामने खेळला. बॅट घेऊन एकशे बावन्न वेळा उभा राहिला, चाळीस वेळा त्याचा फटका साधला. त्या काळच्या मानाने ही कामगिरी चांगली होती. कॅचरच्या मानाने तर फारच चांगली. मोसमाच्या मध्यावर चेंडू लागून त्याची बरगडी मोडली. सप्टेंबरात रिचमंड शहरातून व्यवस्थापकाला पत्र आले: वॉकर इथे खेळायच्या कपड्यांत मैदानात दिसला, तर पंचाहत्तर माणसांनी त्याच्यावर तुटून पडायची शपथ घेतली आहे. तो तिकडे गेलाच नाही. दुखापतींनी जेरीस आलेल्या वॉकरला संघाने त्याच महिन्यात मोकळे केले होते. संपले. वरच्या दर्जाची त्याची सगळी कारकीर्द एवढीच, एका उन्हाळ्याची. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ वेल्डी हाही थोडे सामने खेळला. त्या दोघांनंतर उघडपणे कृष्णवर्णी म्हणून ओळखला जाणारा खेळाडू त्या दर्जाच्या मैदानात उतरला तो १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन. मधे त्रेसष्ट वर्षे गेली. आणि विशेष हे, की वरच्या लीगच्या कोणत्याही नियमपुस्तकात ही बंदी छापलेली नव्हती. सगळ्यांना ती ठाऊक होती.

"उघडपणे" हा शब्द मी जपून घातला आहे. संशोधकांनी शोधून काढले आहे, की वॉकरच्याही आधी, १८७९ साली, विल्यम व्हाइट नावाचा एक विद्यार्थी प्रॉव्हिडन्सच्या संघातून एकच सामना खेळून गेला. त्याची आई गुलाम होती आणि बाप तिचा मालक. वर्ण इतका उजळ, की तो गोरा म्हणून खेळला, गोरा म्हणून जगला. त्याच्या वेळी कोणी मैदान सोडून गेले नाही. गुण त्याच्या हातात होते, आणि दोष, म्हणजे ज्याला ते लोक दोष समजत तो, कोणाला दिसत नव्हता!

पण मला झोप लागू देत नाही ती गोष्ट यांपैकी कोणतीच नव्हे. टोलेडोच्या संघात टोनी मुलेन नावाचा पिचर होता. अव्वल दर्जाचा, त्या एका मोसमात त्याने छत्तीस सामने जिंकून दिले. त्याने पुढे म्हातारपणी, १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत, आपण होऊन सांगितले: मी ज्यांच्याबरोबर खेळलो त्या सर्वांत उत्तम कॅचर म्हणजे वॉकर, पण मला काळ्या माणसाचा तिटकारा होता, म्हणून त्याच्या खुणेकडे न पाहता मी मनाला येईल तो चेंडू टाकीत असे. एकदा वॉकरने वळणाऱ्या चेंडूची खूण केली आणि मुलेनने टाकला सरळ वेगवान. वॉकरने तो झेलला. मग तो उठला, चालत मुलेनपाशी गेला आणि म्हणाला, तुमचे चेंडू मी खुणेवाचून झेलीन. पण मी खूण करायची आणि तुम्ही ती उलटवायची, हे मात्र चालणार नाही. त्यानंतर सगळा मोसम, पुढचा चेंडू कोणता येणार हे ठाऊक नसताना, त्याने मुलेनचे चेंडू झेलले.

पन्नास फुटांवरून. जवळजवळ उघड्या हातांनी.

आम्ही शिक्षक मंडळी एका समजुतीवर आयुष्यभर पोट भरतो. ती समजूत अशी, की दुष्टपणाचे मूळ अज्ञानात असते. माणसाला दुसऱ्याचा गुण कळला, की पूर्वग्रह आपोआप गळून पडेल. म्हणून आम्ही गरिबाच्या मुलाला सांगतो, "बाळ, तू शिक, गुण दाखव, जग तुला मान देईल." मुलेनने माझ्या या भांडवलाला सुरुंग लावला आहे. त्याला वॉकरचा गुण कळत नव्हता असे नाही. साऱ्या अमेरिकेत तो त्याच्याइतका कोणालाच कळत नव्हता! खूण न पाहता टाकलेला प्रत्येक चेंडू समोरच्या हातात अडकलेला तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता. गुणाचे इतके दर्शन होऊनही तिटकारा तसूभर हलला नाही. उलट तो त्या गुणाच्या आधारावरच उभा होता. वॉकर इतका चांगला नसता, तर मुलेनला अशी चैन परवडलीच नसती. चेंडू सुटत राहिले असते, सामने हातचे गेले असते आणि झक्कत खूण पाहावी लागली असती.

मग त्या कबुलीला काय म्हणायचे? पस्तीस वर्षांनी, वॉकर अजून जिवंत असताना, एक म्हातारा सांगतो की तो उत्तम होता आणि मी असा वागलो. हा पश्चात्ताप आहे का? मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. पश्चात्तापाचा एक शब्द त्यात मला सापडला नाही. एखाद्याने जुन्या घोड्याची आठवण काढावी तसे ते वाटते. तरीपण ते त्याने सांगितले नसते, तर वॉकरची ही गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती, कारण ज्याने झेलले त्याने ती लिहून ठेवलेली माझ्या तरी वाचनात आली नाही. माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला यातून एक संकोच वाटतो. सोसणाऱ्याची हकीकत किती वेळा मारणाऱ्याच्या तोंडूनच आपल्याला कळते!

आमच्या शाळेतले संस्कृतचे शिक्षक माझे जिवलग स्नेही. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते प्रसन्न होऊन म्हणाले, "वा! हाच खरा कर्मयोग. फळाची आशा नाही, सहकार्याची अपेक्षा नाही, आपले काम चोख!" क्षणभर मलाही पटले. पण घरी येताना वाटेत माझ्या ध्यानात आले, की वॉकर तसे काही म्हणालेलाच नाही. त्याने अट घातली होती. दोनच गोष्टींतली एक करा: खूण माना, किंवा खूण नाहीच असे उघड ठरवा. मानतो असे दाखवून दगा देणे चालणार नाही. उघड वैर त्याने पत्करले; खोटे सहकार्य त्याने पत्करले नाही. सहनशीलता आणि स्वाभिमान यांच्यामधली रेघ आपण सहसा फार मोठ्या अक्षरांत काढतो. त्याने ती कुठे काढली पाहा, एका बोटाच्या खुणेवर! शिवाय कर्मयोग हा शब्द माणसाने स्वतःशी उच्चारायचा असतो. फेकणाऱ्याने तो झेलणाऱ्याला शिकवू लागावे, यासारखे सोयीचे तत्त्वज्ञान दुसरे नाही.

अर्थात दुसऱ्या बाजूने प्रश्न उरतोच. वॉकरने असे झेलायला हवे होते का? त्याने मोजे टाकून घरी जायला नको होते का? त्याच्या झेलण्याने मुलेन जिंकत होता आणि मुलेनच्या मनाला काहीच होत नव्हते. या प्रश्नाचे उत्तर द्यायचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. मी फार तर एवढे म्हणेन, की घरी जाणे हे त्याच्या हातात नेहमीच होते आणि ते त्याच्या विरोधकांना हवेच होते.

आपल्याकडचे एक नाव इथे मनात आल्यावाचून राहत नाही. बाळू पालवणकर. चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेला हा गोलंदाज पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना तीनचार रुपयांवर मैदानाची निगा राखायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. पुढे हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांना घेतले गेले. तोच तो गल्ला; नाणे निराळे! मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातात फिरायचा, आणि चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळायचा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. ती अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा ओहायोत वॉकर सोळासतरा वर्षांचा होता. बेड्या तुटल्या होत्या. खुणा अजून कोणी पाहत नव्हते.

वॉकरचे पुढचे आयुष्य सरळ गेले नाही. १८८९ पर्यंत तो खालच्या दर्जाच्या लीगांतून खेळत राहिला. सिरॅक्यूज हा त्याचा शेवटचा संघ. तिथेच १८९१ साली रस्त्यात काही गोऱ्या माणसांशी बाचाबाची झाली, दगडफेक झाली, त्याने चाकू काढला आणि एक माणूस मेला. खटला चालला. ज्यूरी सगळी गोरी. तिने त्याला निर्दोष सोडले. मग तो रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरीला लागला आणि पत्रांतले पैसे चोरल्याबद्दल वर्षभर तुरुंगात गेला. तोफेच्या गोळ्याच्या एका युक्तीचे पेटंट त्याने घेतले, पुढे सिनेमाच्या रिळांसंबंधीही घेतली. भावाबरोबर हॉटेल चालवले, वर्तमानपत्र काढले, एका गावात नाटकगृह चालवले. हे वाचताना मधेच मी पुस्तक मिटले होते, हे कबूल करतो. ती चोरी मला नको होती. अन्याय झालेला माणूस निष्कलंक असावा अशी आपली एक हौस असते. तो थोडा घसरला, की आपल्या सहानुभूतीला सुटल्यासारखे वाटते. मुलेनच्या वाट्याला मात्र ही परीक्षा कधी आली नाही. त्याच्या छत्तीस विजयांना कोणी चारित्र्याचा दाखला विचारीत नाही.

१९०८ साली वॉकरने सत्तेचाळीस पानांचे एक छोटे पुस्तक छापले. त्यात त्याचा निष्कर्ष असा, की अमेरिकेत दोन्ही वर्ण एकत्र सुखाने नांदणे शक्य नाही. काळ्या लोकांनी आफ्रिकेत परत जावे. ज्याने आयुष्याची उत्तम वर्षे गोऱ्यांच्या संघात, गोऱ्या पिचरच्या समोर बसून घालवली, त्याचा हा निष्कर्ष! तो चुकीचा होता असे आज म्हणता येईल. १९४७ साल त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पण ते साल आणणारा ब्रँच रिकी, रॉबिन्सनला करारबद्ध करणारा, तोही तरुणपणी कॅचरच होता, आणि अगदी सुमार! १९०७ साली एका सामन्यात त्याच्यासमोर प्रतिपक्षाने तेरा वेळा बेस चोरला होता. कॉलेजच्या संघाला शिकवीत असताना त्याच्या एका कृष्णवर्णी खेळाडूला हॉटेलने खोली नाकारली. रिकीने त्याला आपल्या खोलीत झोपवले. तो मुलगा रात्री आपल्या हातांची कातडी ओरबाडीत म्हणत होता, ही निघाली असती तर! ही हकीकत रिकी पुढे जन्मभर सांगत असे. त्याने ते पाहिले, आणि चाळीसएक वर्षांनी का होईना, काही केले. वॉकर ते पाहायला नव्हता. ११ मे १९२४ रोजी क्लीव्हलंडला तो वारला. स्टुबेनव्हिलच्या स्मशानात त्याच्या थडग्यावर दगड बसला तो १९९० साली, त्याच्या जुन्या कॉलेजच्या लोकांनी बसवलेला.

मुलेनबद्दल इतके कठोर लिहिल्यावर स्वतःबद्दल लिहिणे भाग आहे.

वीसएक वर्षांपूर्वी शाळेचा क्रिकेटचा संघ घेऊन मी शेजारच्या तालुक्याला गेलो होतो. आमचा यष्टिरक्षक एक काळासावळा, बारकासा मुलगा होता. वस्तीतून यायचा. हातमोजे शाळेचेच, शिवण उसवलेली. त्यात तो घरून आणलेल्या चिंध्या कोंबायचा. सामना आम्ही त्याच्यामुळे जिंकला. संध्याकाळी गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मुलांना जेवायला बोलावले. पंगत मधल्या खोलीत होती, ताटे मांडली होती. कोणी काही बोलले नाही, कोणी काही विचारले नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाई त्या मुलाकडे पाहून नुसत्या थांबल्या, आणि थोड्या वेळाने ओसरीवर एक पत्रावळ आली. मी ती पाहिली. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. आपण पाहुणे आहोत, यजमानांनी प्रेमाने बोलावले आहे, दहा मुले भुकेली आहेत, उद्या पुन्हा सामना आहे, असे सगळे विचार माझ्या मनात रांगेने येऊन गेले. फार शहाणे विचार. तेवढ्यात तो मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, मी इथंच बसतो. आत उकडतंय. इथं वारा बरा आहे."

मी आत जाऊन बसलो. आमटी चांगली होती, हेही मला आठवते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा यष्टींमागे उभा राहिला. एकही चेंडू त्याने सोडला नाही. परत येताना बसमध्ये मुले गाणी म्हणत होती, त्यांत तोही होता. मी त्याला त्या जेवणाबद्दल एक अक्षर बोललो नाही. पुढच्या वर्षी वार्षिक अहवालात मात्र त्याच्याबद्दल भरभरून लिहिले: शाळेला लाभलेला सर्वोत्तम यष्टिरक्षक. ते वाक्य परवा, मुलेनची कबुली वाचल्यावर, मला आठवले. कपाटातून जुना अहवाल काढून मी ते पडताळूनही पाहिले. तसेच आहे.

गेल्या मे महिन्यात तो मला जिल्ह्याच्या एस. टी. स्टँडवर भेटला. मीच त्याला ओळखले नाही. त्याने वाकून नमस्कार केला. आता तो एका पंचायत समितीत नोकरीला आहे, थोरली मुलगी बारावीला आहे. त्याने चहा मागवला. आम्ही बाकावर बसून जुन्या सामन्यांबद्दल बोललो. त्या गावचा विषय निघाला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी रात्री, जेवायच्या वेळी..."

त्याने फलाटाकडे पाहिले.

"सर," तो म्हणाला, "तुमची गाडी लागली. खिडकी धरायला हवी." आणि माझी पिशवी उचलून तो पुढे झाला.